गर्भाशय, नग चार

इसबगोलाचे आठ डबे एकदम मागितले, तरी औषधाच्या दुकानातल्या माणसाने काही म्हणजे काही विचारलं नाही. त्याने डबे मोजले, पिशवीत भरले आणि पिशवी हातात देताना डॉक्टरीणबाईंकडे इतक्या मायेने पाहिलं, की घरी पोचेपर्यंत त्यांना वाटत राहिलं, खुलासा करायला हवा होता. पण तो करायचा कसा? मागे पाच माणसं रांगेत उभी असताना 'हा मला पोटासाठी नको, गर्भाशयं बनवायला हवाय' असं म्हणण्यापेक्षा बद्धकोष्ठाचा संशय परवडला. निदान त्या दिवशी तरी त्यांना तसं वाटलं.

गर्भाशयं बनवायची होती, हे मात्र खरं.

डॉक्टरीणबाईंचं हॉस्पिटल चाळीस खाटांचं. तिथे सोनोग्राफीचे तज्ज्ञ आपलं यंत्र घेऊन येत ते फक्त गुरुवारी. दिवस राहिलेल्या एखाद्या बाईच्या पोटात शुक्रवारी दुखायला लागलं, तर तिने एक तर पुढच्या गुरुवारपर्यंत धीर धरावा, नाहीतर रुग्णवाहिकेत दोन तास आडवं पडून मोठ्या हॉस्पिटलात जावं, अशी सोय होती. या वर्षात डॉक्टरीणबाईंनी अशा नऊ जणी रवाना केल्या होत्या. सात जणींचं सगळं ठीक निघालं; दोन तास जाताना आणि दोन तास येताना उगीच जीव मुठीत धरून त्या परत आल्या. आठवीचं ठीक नव्हतं, पण ती वेळेत पोचली. नववीचा विचार डॉक्टरीणबाई कधी करत नसत, म्हणजे रोज करत.

त्यामुळे वरच्या कार्यालयाने तळहाताएवढं एक सोनोग्राफी यंत्र तीन महिने वापरून बघायला पाठवलं, तेव्हा त्यांना ते घरी नेऊन उशाशी ठेवावंसं वाटलं होतं. सोबत पत्र होतं. डॉक्टरीणबाईंना ते चालवता येतंच; तीन महिन्यांच्या आत हॉस्पिटलातल्या आणखी तिघांनी त्यांच्याकडून शिकून परीक्षा द्यावी. तिघेही पास झाले तर यंत्र कायमचं इथे. एक जरी नापास झाला, तर 'जिथे त्याचा सुयोग्य विनियोग होईल' अशा ठिकाणी ते परत. त्यातले पहिले दोन महिने यंत्र कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या माणसाच्या खिशात होती. उरला एक महिना.

एका महिन्यात शिकवणं काही अवघड नाही, याबद्दल डॉक्टरीणबाईंना तिळमात्र शंका नव्हती. शिकवायच्या होत्या तीनच गोष्टी. पिशवी गर्भाशयाच्या आत आहे का? तिच्यात ठोका दिसतो का? आणि पोटात नको तिथे रक्त साचलंय का? खाटेजवळ उभं राहून एवढं सांगता आलं, की बाकीचं गुरुवारी तज्ज्ञ बघतील. फक्त त्यांचा एक हट्ट होता. आधीच घाबरलेल्या बाईच्या पोटावर कुणीही पहिला धडा गिरवायचा नाही. पहिला धडा खोट्या पोटावर. विकतचं खोटं पोट मागवलं असतं तर ते रीतसर मंजुरी घेत घेत, यंत्र परत गेल्यावर आलं असतं. म्हणून ते घरी करायचं ठरलं.

कृती साधी होती. जिलेटिनची घट्ट जेली. तिच्यात इसबगोल, कारण नुसती जेली पडद्यावर काळोखासारखी दिसते आणि इसबगोलामुळे तिला मांसासारखे करडे दाणे येतात. मध्ये पाणी भरलेला छोटा फुगा, ती पिशवी. फुग्यात एक भिजवलेला वाटाणा, तो गर्भ. सासूबाईंकडून चार मोठे डबे मागून घेतले. एका डब्यात सगळं जागच्या जागी, दुसरा रिकामा, तिसऱ्यात जुळी आणि चौथ्यात फुगा मुद्दाम कडेला सरकवलेला, म्हणजे गर्भ नळीत अडकलाय असं समजायचं.

साध्या कृतीला तीन संध्याकाळी लागल्या. पहिल्यांदा इसबगोलाच्या गाठी झाल्या. दुसऱ्यांदा जेली जमलीच नाही, कारण चार वर्षांची लेक दर दहा मिनिटांनी फ्रिज उघडून वाटाण्यांची विचारपूस करत होती. नवऱ्याने पाण्याचा जार कुठे ठेवायचा असं विचारलं, तेव्हा कळलं की फ्रिजमध्ये चार गर्भाशयं आणि एक लिंबू एवढंच मावतंय. पाण्याचा जार, दूध आणि रात्रीची भाजी समोरच्या काकूंच्या फ्रिजमध्ये गेली. आणि इथेच चूक झाली. काकूंकडे वस्तू ठेवली की त्यांच्याकडून सल्ला घ्यावा लागतो.

काकूंना औषधाच्या दुकानातून आठ डब्यांची खबर आधीच लागली होती. त्यांनी उंबऱ्यातच डॉक्टरीणबाईंचा हात धरून सांगितलं, की लाजायचं काही कारण नाही, त्यांच्या यजमानांनाही अकरा वर्षं हा त्रास होता. सकाळी उठल्याबरोबर कोमट पाणी, मग खोलीतल्या खोलीत शंभर पावलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की इसबगोल जेलीत घालायला आणलाय. काकूंनी यावर बराच वेळ विचार केला आणि विचारलं, की जेलीतून जास्त लागू पडतो का. त्या आठवड्यात जिन्यात भेटणारा प्रत्येक माणूस डॉक्टरीणबाईंना आधी तब्येत विचारायचा आणि मग आवाज खाली आणून काहीतरी सुचवायचा. अंजीर, एनिमा, उकिडवं बसणं. पंधरा वर्षं डॉक्टरकी केलेल्या बाईला तळमजल्यावरच्या निवृत्त पोस्टमनने आतड्यांची रचना समजावून सांगितली. त्यांनी ती मान खाली घालून ऐकली.

शेवटी चारही जमली. थरथरीत, करडी, अगदी हवी तशी. सोमवारी सकाळी डॉक्टरीणबाई दोन्ही हातांत दोन-दोन डबे घेऊन हॉस्पिटलच्या फाटकाशी उतरल्या आणि स्टोअरकीपरच्या हद्दीत शिरल्या.

स्टोअरकीपर वाईट माणूस नव्हता. त्याच्या आवक वहीत अकरा वर्षांत एकही खाडाखोड नव्हती, आणि ती होऊ न देणं हेच त्याच्या आयुष्याचं उद्दिष्ट होतं. फाटकातून आत येणारी वस्तू वहीत चढलीच पाहिजे, आणि वहीत रकाने होते पाच: यंत्र, औषध, कागदपत्रं, खाद्यपदार्थ, नमुना. यंत्र म्हणावं तर हमीपत्र हवं. औषध म्हणावं तर मुदत संपण्याची तारीख हवी. खाद्यपदार्थ म्हणावं तर नियमाप्रमाणे आधी स्वयंपाकघरातल्या आचाऱ्याने एक चमचा चाखून बघायला हवा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कागदपत्रांत घाला. त्याने दुखावल्या नजरेने पाहिलं. मग राहिला नमुना.

नमुन्याला वेगळा फॉर्म होता. वर्णन या रकान्यात डॉक्टरीणबाईंनी लिहिलं, गर्भाशय. पुढे कंसात 'शिकवण्यासाठी' असं लिहिणार होत्या, पण रकाना तेवढ्यातच संपला. नग: चार. रुग्णाचं नाव? त्या म्हणाल्या, रुग्ण नाहीये. तो म्हणाला, मग रकाना रिकामा राहतो, आणि रिकामा रकाना म्हणजे खाडाखोडच. बाहेर ऊन चढत होतं. डब्याच्या कडेने पाण्याचा पहिला थेंब ओघळला होता. डॉक्टरीणबाईंच्या डोक्यात एकच गोष्ट होती, जेली वितळतेय. त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, वय लिहिलं, सही केली, आणि ट्रॉली आहे का ते बघायला वळल्या.

ट्रॉली घेऊन परत आल्या तर डबे नव्हते. नमुना थेट लॅबमध्ये जातो, स्टोअरकीपर म्हणाला, त्यात विचारायचं काय.

लॅबमध्ये त्या धावत गेल्या. नेहमीच्या लॅबवाल्या मॅडम रजेवर होत्या आणि त्यांच्या जागी आलेल्या मॅडम अतिशय काटेकोर होत्या. एकदा नोंद झालेला नमुना अहवाल दिल्याशिवाय आणि त्यानंतर सहा महिने जपल्याशिवाय परत देता येत नाही, असं त्यांनी कपाटावरचा कागद दाखवून सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी ही जेली आहे, असं तीनदा सांगितलं. तसं अहवालात येईलच, त्या शांतपणे म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी वाद घातला नाही. त्या घरी आल्या, सासूबाईंकडे आणखी चार डबे मागितले, आणि पहिल्या चारांचं काय झालं या प्रश्नाला, ते लॅबमध्ये आहेत, असं खरं उत्तर दिलं. दुसऱ्या चार गर्भाशयांना एकच संध्याकाळ पुरली; हात बसला होता. मंगळवारी ती फाटकातून आत नेताना त्यांनी स्टोअरकीपरकडे न बघताच सांगितलं, जेवणाचा डबा. स्वतःच्या जेवणाच्या डब्याला वहीत रकाना नव्हता. पुढचे तीन आठवडे चार मोठे डबे रोज सकाळी आत आणि संध्याकाळी बाहेर जात राहिले. पहारेकरी कौतुकाने म्हणाला, मॅडमची भूक आता सुधारली. म्हणजे बातमी तिथवरही पोचली होती.

शिकणारे तिघे. पहिली नवी डॉक्टर, मागच्याच वर्षी रुजू झालेली. ती यंत्र असं चालवायची, की जणू पाळण्यात असल्यापासून तेच खेळतेय, पण तिला थांबणं ठाऊक नव्हतं. रिकाम्या डब्यावर प्रोब, म्हणजे यंत्राचा पोटावर फिरवायचा भाग, टेकवून तिने चार सेकंदांत जुळी आहेत म्हणून सांगितलं. दुसऱ्या मोठ्या सिस्टर. तीस वर्षं बाळंतपणं केलेल्या. त्या जेलीशीसुद्धा बोलायच्या. थोडं गार लागेल हं, पाय सैल सोडा, श्वास घ्या, असं डब्याला सांगून मगच प्रोब ठेवायच्या. पहिल्या दिवशी सगळे हसले. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या लक्षात आलं, की बोलता बोलता सिस्टरांचा हात आपोआप हळू होतो आणि हळू झाला की दिसतं. त्यांनी नव्या डॉक्टरलाही डब्याशी बोलायला लावलं. ती आधी लाजली, पण तिची जुळी त्या दिवसापासून बंद झाली.

तिसरे मोठे डॉक्टर. खरी चिंता त्यांची होती. वय एकसष्ट, छत्तीस वर्षांचा अनुभव, बोटं अशी की पोटावर नुसती टेकवली तरी निदान व्हायचं. ते म्हणाले, मी जेलीवर हात ठेवणार नाही. पाच दिवस नुसते हाताची घडी घालून उभे राहिले. सहाव्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाई खोलीत शिरल्या, तर ते दार लोटून एकटेच चौथ्या डब्यावर वाकले होते आणि कडेच्या फुग्याला पुटपुटत दम देत होते. तिथून पुढे ते सगळ्यांच्या आधी यायला लागले. पण एक खोड काही जाईना. छत्तीस वर्षांत त्यांनी पेशंटला 'मला माहीत नाही' असं एकदाही सांगितलं नव्हतं. पडद्यावर काही दिसलं नाही की ते ठामपणे म्हणत, नाही. डॉक्टरीणबाईंनी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं. सर, दिसलं नाही आणि नाही, यांच्यामध्ये एक बाई झोपलेली असते. तुम्ही 'नाही' म्हणालात की तिचं जग बुडतं, आणि मूत्राशय भरल्यावर बघितलं तर कदाचित सगळं व्यवस्थित असतं. मोठे डॉक्टर ऐकून घेत आणि पुढच्या वेळी पुन्हा ठामपणे 'नाही' म्हणत. परीक्षक पेशंटसमोर विचारणार होत्या. या एका शब्दावर यंत्र जाणार, हे डॉक्टरीणबाईंना कळून चुकलं होतं. तरी परीक्षेच्या दिवशी शेजारी उभं राहून नुसता घसा खाकरला तरी सर सांभाळतील, असा त्यांचा बेत होता.

परीक्षा शुक्रवारी होती. त्या आठवड्याच्या सोमवारी लॅबचा अहवाल निघाला. 'चार नमुने प्राप्त. पदार्थ जिलेटिनसदृश, आत तंतू. पहिल्या नमुन्यात पाण्याची पोकळी व तीत एक वाटाणा. तिसऱ्यात वाटाणे दोन. कर्करोगाचा पुरावा नाही.' रुग्ण हॉस्पिटलचीच कर्मचारी असल्यामुळे एक प्रत आस्थापना विभागात गेली. तिथले भाऊसाहेब आतला मजकूर वाचणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी वरच्या ओळीतलं नाव, वर्णन आणि नग एवढं पाहिलं, नियमांचं पुस्तक काढलं आणि डॉक्टरीणबाईंना मंगळवारपासून ऑपरेशननंतरच्या सक्तीच्या वैद्यकीय रजेवर पाठवलं. पत्र शिपायाने घरी नेऊन दिलं. घरी कुणी नव्हतं, म्हणून समोरच्या काकूंनी घेतलं. पाकीट उघडंच होतं, असं काकूंचं म्हणणं.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई घरी आल्या तेव्हा बैठकीत सात माणसं फळं घेऊन बसली होती. त्यांना दारातून हाताला धरून पलंगाकडे नेण्यात आलं. कुणीतरी उशी दिली. आता इसबगोलाचा सगळा उलगडा झाला, असं पोस्टमन म्हणाले. शेजारधर्म म्हणून त्यांनी चूक कबूल केली, की त्यांनी उगीच आतड्यांवर संशय घेतला. डॉक्टरीणबाई सांगायला गेल्या, की असं काही झालेलं नाही, तर काकूंनी त्यांना बोलून दमायला मनाई केली. लेकीने सगळ्यांना फिरून फिरून सांगितलं की आईची चार गर्भाशयं लॅबमध्ये आहेत आणि त्यात वाटाणे आहेत. पाहुण्यांनी हळहळून तिच्या केसांवरून हात फिरवला. सासूबाई कोपऱ्यात बसून होत्या. सगळे गेल्यावर त्या म्हणाल्या, "तुझ्या मनात आलं ते तू केलंस. पण मला आधी सांगितलं असतंस तर मी डबे मोजत बसले नसते." आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांना खरं काय ते पटवायला डॉक्टरीणबाईंना दीड तास लागला, आणि शेवटीसुद्धा त्या म्हणाल्या, बरं, पण दोन दिवस जड उचलू नकोस.

मंगळवारी सकाळी डॉक्टरीणबाई भाऊसाहेबांपुढे उभ्या राहिल्या.

"भाऊसाहेब, मी तुमच्यासमोर धडधाकट उभी आहे."

"तेच तर, मॅडम. उभं राहायचं नाही. बसा."

"बाईला चार गर्भाशयं असतात का हो?"

"मी कॉमर्सचा, मॅडम. त्यातलं मला सांगता यायचं नाही. नियमात एकाचं दिलंय, सहा आठवडे. चारांचं स्पष्ट नाही, म्हणून मी वर मार्गदर्शन मागवलंय. जास्तच मिळतील."

रजा रद्द करायला काय लागेल, असं त्यांनी विचारलं. गर्भाशय जागेवर आहे, असा याच हॉस्पिटलचा सोनोग्राफीचा अहवाल. सोनोग्राफी मी करते, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. स्वतःची स्वतः चालणार नाही, भाऊसाहेब म्हणाले. गुरुवारच्या तज्ज्ञांनी या गुरुवारी येणार नसल्याचं कळवलं होतं. हॉस्पिटलचे मुख्य अधिकारी सोमवारपर्यंत परिषदेला. राहिले शिकणारे तिघे, पण त्यांची सही परीक्षा पास झाल्याशिवाय चालत नाही. म्हणजे डॉक्टरीणबाईंना परीक्षेला हजर राहायचं, तर आधी परीक्षा व्हायला हवी होती. हा घोळ इतका पक्का होता, की त्यांना क्षणभर त्याचं कौतुकच वाटलं. मग त्यांनी फाटकाबाहेर, पहारेकऱ्याच्या स्टुलावर बसून, तीन दिवस फोनवरून शिकवलं. तिघेही दुपारी जेवणाच्या सुट्टीत रस्त्यावर येऊन धडा घेऊन जात.

शुक्रवारी सकाळी पहारेकऱ्याने हात जोडले. रजेवरचे कर्मचारी आत सोडायचे नाहीत, लेखी आलं होतं. भेटायला येणाऱ्यांची वेळ चार ते सहा. परीक्षा अकराला. डॉक्टरीणबाई मागे वळल्या, बाहेरच्या रांगेत उभ्या राहिल्या आणि सगळ्या पेशंटांसारखा स्वतःचा केसपेपर काढला. खिडकीतल्या मुलीने तक्रार काय, असं विचारलं. "गर्भाशय आहे की नाही, याची शंका," त्यांनी सांगितलं. मुलीने ते जसंच्या तसं लिहिलं आणि नंबर दिला, चौदा.

अशा रीतीने पंधरा वर्षं ज्या खोलीत खुर्चीवर बसल्या, तिच्या बाहेरच्या बाकावर त्या येऊन बसल्या. खोलीला दार होतं, पण ते उघडं टाकून पडदा लावलेला असे. पडद्यापलीकडचं सगळं ऐकू येत होतं. नंबर मिळाल्याबरोबर घाईत लिटरभर पाणी पिऊन झालं होतं, कारण अहवाल हवा तर मूत्राशय भरलेलं हवं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

परीक्षकबाई मोठ्या हॉस्पिटलातून आल्या होत्या आणि मोजकं बोलत होत्या. नव्या डॉक्टरने अगदी सावकाश, पेशंटशी बोलत बोलत, तपासून दाखवलं. मोठ्या सिस्टरांबद्दल तर प्रश्नच नव्हता. मग मोठे डॉक्टर. त्यांच्यासाठी बोलावलेल्या बाईने आयत्या वेळी निरोप पाठवला, की तिला जमत नाही. तेवढ्यात बाहेरून एक मुलगी आली, तेवीस-चोवीसची, तिच्या आईच्या खांद्यावर रेललेली. आठवा आठवडा होता, सकाळपासून रक्त जात होतं. बाकासमोरून जाताना तिने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं, आणि डॉक्टरीणबाईंना नववी आठवली. त्या उठल्या. पडद्याशी मोठ्या सिस्टर उभ्या होत्या.

"मॅडम, तुम्ही रजेवर आहात," सिस्टर हळूच म्हणाल्या आणि मुलीला आत घेऊन त्यांनी पडदा ओढला.

डॉक्टरीणबाई बसल्या. आत सिस्टरांचा आवाज आला, थोडं गार लागेल हं. मग शांतता. डॉक्टरीणबाईंना पडदा दिसत होता, मनात मात्र पडद्यापलीकडचा दुसरा पडदा दिसत होता, आणि त्यावर करडं, नुसतं करडं. प्रोब जरा खाली, सर. थोडा कलता. त्यांचं मनगट मांडीवर आपोआप वळलं. खाकरावं का? खाकरण्यासाठी त्यांनी श्वास घेतलासुद्धा. आणि तो तसाच सोडून दिला. आज खाकरलं तर उद्या रात्री, परवा पहाटे, त्या घरी असताना, कोण खाकरणार होतं? मग त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले.

आत मुलीच्या आईने विचारलं, "डॉक्टर, काय असेल ते एकदाचं सांगून टाका. नाही ना काही?"

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले.

"मला अजून दिसलेलं नाही," मोठे डॉक्टर म्हणाले. शब्द जड जात होते, एक एक करून येत होते. "नाही असं मी म्हणत नाहीये. मला दिसलेलं नाही, एवढंच. पोटात रक्त साचलेलं नाही, ते मी बघितलं. मूत्राशय रिकामं आहे. हिला पाणी द्या. आपण पाऊण तास थांबू आणि परत बघू. तोवर मी इथेच बसतो."

परीक्षकबाईंनी काही लिहिल्याचा आवाज आला. चांगलं लिहिलं की वाईट, ते कळेना.

तो पाऊण तास डॉक्टरीणबाईंना आपल्या बाळंतपणापेक्षा लांब वाटला. शिवाय लिटरभर पाणी आपलं काम करत होतं आणि त्यांना पायावर पाय टाकून, मान ताठ ठेवून बसावं लागत होतं. ओळखीचे कर्मचारी समोरून जाताना थबकत, केसपेपरकडे बघत आणि दबक्या आवाजात लवकर बऱ्या व्हा म्हणून पुढे जात. त्यांनी सगळ्यांचे आभार मानले. आत मोठे डॉक्टर त्या मुलीला तिच्या कामाबद्दल विचारत होते. ती शिवणकाम करते, असं कळलं. मग त्यांनी विचारलं, की काज मशिनवर करते की हाताने. छत्तीस वर्षांत मोठे डॉक्टर एका पेशंटजवळ पाऊण तास बसलेले कुणी पाहिले नव्हते.

मग पुन्हा, थोडं गार लागेल. पुन्हा शांतता. पण या वेळची शांतता वेगळी होती. तिच्यात कुणीतरी बघत होतं.

"हे बघ," मोठे डॉक्टर म्हणाले. "नाही, इकडे, माझ्या बोटाकडे नको, पडद्याकडे बघ. लुकलुकतंय ना? तेच."

मुलीच्या आईला हुंदका फुटला, आणि मोठ्या सिस्टर तिला नेहमीच्या ठसक्याने दटावू लागल्या, की रडायचं ते बाहेर जाऊन, इथे प्रोब हलतो. ठोका आहे, पिशवी जागेवर आहे, मोठे डॉक्टर सांगत होते. रक्त का जातंय ते गुरुवारी तज्ज्ञ बघतील, तोवर विश्रांती, आणि रक्त वाढलं किंवा दुखलं तर कुठल्याही वेळी थेट इथे यायचं. आता इथे बघता येतं.

परीक्षकबाई कागद घेऊन बाहेर आल्या आणि खिडकीच्या कठड्यावर तो ठेवून सह्या करू लागल्या. तीन. शिकवणाऱ्या डॉक्टर कुठे आहेत, असं त्यांनी मोठ्या सिस्टरांना विचारलं. सिस्टरांनी बाकाकडे ओझरतं पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी केसपेपर नाकापर्यंत वर घेतला. आत्ता उठून ओळख करून दिली, तर सक्तीच्या रजेवरची बाई परीक्षेच्या जागी हजर म्हणून परीक्षाच रद्द व्हायची. भाऊसाहेबांचं काही सांगता येत नव्हतं.

"त्या रजेवर आहेत," सिस्टर म्हणाल्या. "ऑपरेशन झालंय."

परीक्षकबाईंनी पेनाचं टोपण लावलं. "म्हणजे शिकवणारी हजर नसताना हे थांबले," त्या म्हणाल्या. "थांबणं सगळ्यात शेवटी येतं. यंत्र इथेच राहू दे. तसं मी आजच कळवते. आणि त्यांना सांगा, आराम करा म्हणावं."

केसपेपरच्या मागे डॉक्टरीणबाईंचा चेहरा कसा झाला, ते कुणाला दिसलं नाही.

थोड्या वेळाने पडदा सरकवून ती मुलगी बाहेर आली. आई औषधं आणायला गेली आणि ती बाकावर डॉक्टरीणबाईंच्या शेजारी टेकली. चेहऱ्यावर रंग परतत होता. तिने शेजारच्या बाईकडे नीट पाहिलं. आवळून धरलेले गुडघे, चुरगळलेला केसपेपर, भरून आलेले डोळे. तिला जे समजायचं ते ती समजली. तिने आपला हात डॉक्टरीणबाईंच्या हातावर ठेवला.

"पहिल्यांदाच आलात का ताई?"

"असं, म्हणजे, हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"अजिबात घाबरू नका. आतले म्हातारे डॉक्टर फार चांगले आहेत. पटकन दिसलं नाही ना, तरी नाही असं म्हणत नाहीत ते. बसून राहतात." तिने आवाज खाली आणला. "फक्त आत जाईपर्यंत लघवीला जाऊ नका हं. कितीही आली तरी. नाहीतर मग काही दिसत नाही."

डॉक्टरीणबाई अर्ध्या उठल्या होत्या, त्या पुन्हा बसल्या.

"बरं," त्या म्हणाल्या.

आतून मोठ्या डॉक्टरांनी हाक मारली, नंबर चौदा.